थकव्याला कुठल्या रकान्यात बसवायचं?

आमच्या बीदरला थकण्यासाठीसुद्धा तीन भाषा आहेत. मराठी बोलणारी बाई म्हणते, “अंगात त्राणच नाही माय.” तिच्या शेजारची कन्नड बोलणारी म्हणते, “सुस्त आग्याद.” गल्लीच्या टोकाला राहणारी दखनी बोलणारी खाला म्हणते, “बहोत कमजोरी है.” दवाखान्याच्या बाकावर तिघी शेजारी शेजारी बसतात आणि आत गेल्यावर तिघींच्या कागदावर एकच शब्द पडतो: वीकनेस. पुढचंही ठरलेलं असतं. एक सलाईन, एक ‘ताकदीचं’ इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या आणि परवडलं तर टॉनिकची बाटली.

मराठीने मात्र हे सगळं एका शब्दात कोंबलेलं नाही. दिवसभर राबून येतो तो शीण. तो रात्रीच्या झोपेने उतरतो. तापातून उठल्यावर राहतो तो अशक्तपणा. तो खाण्यापिण्याने भरून निघतो. कशात मन लागत नाही, जागचं हलावंसं वाटत नाही, ती मरगळ. अंग मोडून येतं, थर्मामीटर काही दाखवत नाही, पण ताप आत कुठेतरी आहे असं वाटत राहतं, ती कणकण. आपल्या आज्या हे शब्द अगदी नेमके वापरतात. पण यातल्या प्रत्येक शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की हे जाणार. झोपलं की, जेवलं की, चार दिवस गेले की जाणार. जे सहा महिने, सहा वर्षं जातच नाही, त्याला आपल्याकडे घरगुती शब्द नाही. आणि शब्द नसला की लोक आपल्या मनाने एखादा चिकटवतात. बहुतेक वेळा तो ‘आळस’ असतो.

मी या विषयाकडे वळले ती माझ्या काकीमुळे. काकी एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिला आठ दिवस ताप आला. ऑक्सिजन लागला नाही, भरती व्हावं लागलं नाही. घरातले म्हणाले, थोडक्यात सुटली. ताप गेला, पण पहाटे पाचला उठून भाकरी थापणारी आणि सातच्या बसने शाळेला जाणारी काकी काही परत आली नाही. नऊ तास झोपूनही सकाळी ती रात्रभर खडी फोडल्यासारखी दिसायची. फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्द विसरायची. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. आजी म्हणायची, “दिसायला तर धडधाकट दिसलालीय की!” आजी खोटं बोलत नव्हती. काकी खरंच धडधाकट दिसायची, आणि तिचे रिपोर्टही तसेच होते. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक, साखर ठीक, छातीचा एक्स-रे स्वच्छ.

बसवकल्याण आमच्याच जिल्ह्यात आहे. बाराव्या शतकात तिथल्या शरणांनी कायकाला, म्हणजे कष्टाच्या कामाला, पूजेइतका मान दिला. त्या मातीत वाढलेल्या बाईला काम टाकून पडून राहणं नुसतं आजारपण वाटत नाही, पाप वाटतं. म्हणून जरा बरं वाटलं की काकी उठायची आणि साठलेलं काम एका दिवसात उरकायची. गोधड्या धुवायची, डबे घासायची, शाळेची रजिस्टरं पूर्ण करायची. त्या दिवशी सगळं घर खूश. मग दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी ती अशी कोसळायची, की पाण्याचा तांब्या उचलवत नसे. घसा दुखायचा, कणकण यायची, खिडकीतला उजेड सहन व्हायचा नाही. सोमवारच्या गोधड्या आणि बुधवारचं अंथरूण यांच्यामध्ये एक अख्खा दिवस असतो. त्यामुळे दोन्हींचा संबंध सहज दिसत नाही.

तो दाखवला हैदराबादच्या एका डॉक्टरांनी. मोठ्या दुखण्याला बीदरची माणसं हैदराबाद गाठतात, तशी काकीही गेली. डॉक्टरांनी जुने सगळे रिपोर्ट नीट पाहिले आणि एक वही करायला सांगितली. तारीख, काय काम केलं, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, तिसऱ्या दिवशी कसं वाटलं, असे चार रकाने. सहा आठवड्यांनी ती वही बघून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. त्याचं दुसरं नाव मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस. दोन्ही जोडून आता एमई/सीएफएस असं लिहितात.

पहिल्या नावात एक गोम आहे. ‘क्रॉनिक फटीग’ म्हणजे नुसता लांबलेला थकवा. ते खोकल्यासारखं एक लक्षण आहे. रक्त कमी असेल, थायरॉईड बिघडला असेल, मधुमेह, क्षय, बी-बाराची कमतरता, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, यांतल्या कशानेही ते येऊ शकतं. आपल्या देशात तर आधी रक्तच तपासायला हवं, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण शेवटचा ‘सिंड्रोम’ हा शब्द जोडला की आपण एका वेगळ्या आजाराबद्दल बोलत असतो. बोलताना नेमका तोच शब्द गळतो, आणि मग समोरचा सहज म्हणतो, “अगं, थकवा कुणाला नसतो?”

या आजाराची ओळख पटवणारी एकही रक्ततपासणी आजवर नाही. म्हणून लक्षणांच्या याद्या करून तो ओळखावा लागतो, आणि अशा याद्या गेल्या ३५-४० वर्षांत अनेक झाल्या. अमेरिकेतल्या सीडीसीने १९८८ साली ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. १९९४ च्या यादीत सहा महिन्यांचा थकवा आणि आठांपैकी कुठलीही चार लक्षणं असा हिशेब होता. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तो हिशेब सुटसुटीत केला. तीन गोष्टी हव्यातच: आधी सहज जमणारी कामं सहा महिन्यांहून जास्त काळ न जमणं आणि त्यासोबत नव्याने आलेला, विश्रांतीने न उतरणारा थकवा, श्रमानंतर सगळी लक्षणं उसळणं, आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं. शिवाय दोनांपैकी एक: विचार आणि स्मरण गोंधळणं, किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं.

यातली दुसरी गोष्ट या आजाराची खूण. तिला ‘पोस्ट-एक्झर्शनल मलेझ’ म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर श्रमांचा उशिरा पडणारा मार. शीण कामासोबत येतो. हा मार अनेकदा १२ ते ४८ तासांनी येतो आणि कित्येक दिवस, कधी आठवडे मुक्काम करतो. श्रम म्हणजे गोधड्याच असं नाही. तासभर फोनवर बोलणं, पेपर तपासणं, लग्नघरातला गोंगाट, हेही पुरतं. काही संशोधकांनी रुग्णांना लागोपाठ दोन दिवस सायकल चालवायला लावून श्वासाची मोजमापं घेतली. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढीच ताकद लावू शकतो. या आजाराच्या अनेक रुग्णांचे आकडे दुसऱ्या दिवशी खाली आलेले दिसले. आपली घरातली काटक माणसं म्हणतात तसं “हातपाय हलवले की बरं वाटतं” हे इथे उलटं पडतं.

मग एवढी स्पष्ट खूण असताना गोंधळ का? त्याचं कारण इतिहासात आहे. १८६९ मध्ये जॉर्ज बीअर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी ‘न्युरास्थेनिया’ हे नाव प्रचारात आणलं. मज्जातंतूंची शक्ती बॅटरीसारखी संपते अशी त्यांची कल्पना. पुढे हळूहळू हे नाव मनाच्या आजारांच्या यादीत गेलं. दुसरा धागा लंडनचा. जुलै १९५५ मध्ये तिथल्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळजवळ ३०० कर्मचारी एका विचित्र दुखण्याने आजारी पडले. स्नायू दुखायचे, चक्कर यायची, गळून गेल्यासारखं व्हायचं. हॉस्पिटल काही आठवडे बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’च्या संपादकीयातून ‘बिनाइन मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस’ हे नाव आलं. बिनाइन, म्हणजे सौम्य, कारण त्यात कुणी मेलं नाही! १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न भेटता, जुन्या नोंदी वाचून, तो सामूहिक उन्मादाचा प्रकार होता असं मांडलं. आजारी पडलेल्यांत बायकांचं प्रमाण खूप जास्त होतं, हा त्यांच्या मुद्द्यांपैकी एक. त्या बायकांमध्ये कितीतरी परिचारिका होत्या. आजारी माणूस ओळखणं हाच त्यांचा रोजचा व्यवसाय, पण स्वतःच्या आजाराबद्दलचा त्यांचा शब्द कमी पडला.

रेष कुठे ओढली यावर काय काय अवलंबून असतं, हे बीदरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या हैदराबाद राज्यातला बीदर जिल्हा तीन वाटांनी गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आज महाराष्ट्रात आहेत. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले आणि आता तेलंगणात आहेत. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. माती तीच, तूर आणि ज्वारी तीच, सोयरिकी त्याच. पण शाळेची भाषा, कचेरीतला कागद आणि नोकरीचा अर्ज बदलला.

आजारांचीही अशी एक पुनर्रचना चालू असते. जागतिक आरोग्य संघटना ‘आयसीडी’ नावाची आजारांची यादी ठेवते आणि प्रत्येक आजाराला त्यात एक पत्ता असतो. १९६९ पासून मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिसचा पत्ता मज्जासंस्थेच्या आजारांमध्ये आहे. दहाव्या आवृत्तीत तो जी ९३.३ होता. त्याच आवृत्तीत न्युरास्थेनिया मात्र मनोविकारांच्या प्रकरणात, एफ ४८.० वर. म्हणजे एकाच वर्णनाची बाई एका डॉक्टरकडे ‘जी’ गावची आणि दुसऱ्याकडे ‘एफ’ गावची. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत न्युरास्थेनिया हे वेगळं निदान उरलं नाही. एमई आणि सीएफएस दोन्ही ८ई४९ या एकाच पत्त्यावर, मज्जासंस्थेच्याच प्रकरणात आहेत.

इथे एक सावधपणा हवा. ‘मनाचा आजार’ म्हणजे खोटा आजार, असं मी म्हणत नाहीये. त्यासाठी गोव्याकडे बघावं लागेल. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात हळदोणे परिसरात १८ ते ५० वर्षांच्या स्त्रियांची पाहणी केली. ती २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. २,४९४ स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकवा असल्याचं सांगितलं. संशोधकांनी त्यांचं रक्तही तपासलं. थकवा आणि हिमोग्लोबिन यांचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो कमी शिक्षणाशी, घरावरच्या कर्जाशी, उपाशी राहण्याशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी, वैधव्याशी, घरात स्वतःचा निर्णय घेता न येण्याशी आणि मनाच्या अस्वस्थतेशी.

हे वाचल्यावर मला दवाखान्याचा तो बाक आठवला. लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जाणाऱ्या त्या तिघींपैकी एखादीचा थकवा कर्जाचा असेल, एखादीचा मारहाणीचा. तिला टॉनिक देणं म्हणजे तिचं म्हणणं बाटलीत बंद करणं. मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षं रक्तस्राव होणारी एक बाई आहे. वैद्यांकडे फिरून होतं नव्हतं ते सगळं तिने खर्च केलं, आणि दुखणं वाढतच गेलं. त्या गोष्टीत मला बरं होण्याइतकाच नंतरचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो: गर्दी थांबते आणि तिला सगळं बोलू दिलं जातं.

गोव्याची पाहणी थकव्याची होती, सिंड्रोमची नव्हती, आणि संशोधकांनी तसंच नाव दिलं होतं. हा फरक पुसला तर दोन्हीकडे अन्याय होतो. गोव्यातल्या त्या बाईला ‘तुला मज्जासंस्थेचा आजार आहे’ म्हणालो, तर घरातली जबरदस्ती झाकली जाते. काकीला ‘तुला टेन्शन आहे, रोज चार किलोमीटर चाल’ म्हणालो, तर ती अंथरुणाला खिळते.

दुसरी गोष्ट नुसती शंका म्हणून सांगत नाही. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर ‘पेस’ नावाची मोठी चाचणी झाली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. हळूहळू व्यायाम वाढवत नेणं आणि समुपदेशन यांनी रुग्ण सुधारतात, असा तिचा निष्कर्ष होता. पण तिथे रुग्ण निवडताना वापरलेल्या व्याख्येत थकवा हे मुख्य लक्षण पुरेसं होतं. श्रमांचा उशिरा पडणारा मार असलाच पाहिजे अशी अट नव्हती. रकाना इतका रुंद, की त्यात वेगवेगळ्या कारणांनी थकलेली माणसं बसू शकत होती. रुग्णांनी आणि इतर संशोधकांनी या चाचणीवर अनेक वर्षं आक्षेप घेतले. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आपली मार्गदर्शक सूचना बदलली. वाढत्या व्यायामाचा ठरावीक कार्यक्रम या रुग्णांना देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं. निदानासाठी सहा महिने थांबण्याचीही गरज नाही, तीन महिन्यांत ते करता येतं, असंही सांगितलं.

आपल्याकडे हा प्रश्न कागदावर अजून आलेलाच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ‘मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार’ असा प्रकार आहे, पण एमई/सीएफएसचं नाव नाही. काकीच्या रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं यावर घरात बराच खल झाला. ‘थकवा’ लिहिलं तर वरचे लोक हसतील, पूर्ण नाव लिहिलं तर कुणाला कळणार नाही. शेवटी तिने पूर्ण नाव देवनागरीत लिहिलं आणि खाली दोन ओळीत अर्थ लिहिला. अर्ज एकदा परत आला, दुसऱ्यांदा मंजूर झाला.

औषध नाही. जी काही आहेत ती झोपेसाठी, दुखण्यासाठी, चक्करेसाठी. उरतो तो हिशेब. सकाळी अंगात जेवढं आहे त्यातलं सगळं खर्च न करता काम वाटून घ्यायचं आणि बरं वाटत असतानाच थांबायचं. हे ऐकायला सोपं आहे. ज्या बाईला आयुष्यभर ‘बसू नकोस’ हेच ऐकवलं गेलं, तिला ते शिकायला दोन वर्षं लागली. आता ती खुर्चीवर बसून शिकवते, भाकरी काका थापतात (गोल होत नाहीत), आणि गोधड्या वर्षातून एकदाच, तीन दिवसांत वाटून धुतल्या जातात. ती पूर्वीसारखी झालेली नाही. पण आठवड्यातले चार दिवस तिला शाळेत जाता येतं.

हे सगळं कॉलेजच्या अंकात का लिहायचं? नॉर्वेतल्या नोंदींवरून असं दिसतं, की हा आजार सुरू होण्याचे दोन मुख्य टप्पे आहेत: १० ते १९ आणि ३० ते ३९ वर्षं. पहिल्या टप्प्यात आपल्यातले कितीतरी जण अजून आहेत, किंवा नुकतेच बाहेर पडलेत. वर्गात ज्याची हजेरी भरत नाही, जो फेस्टिव्हलला दिवसभर राबला आणि पुढचे चार दिवस गायब झाला, त्याच्याबद्दल आपण चटकन काहीतरी ठरवून मोकळे होतो. त्याला हा आजार असेलच असं नाही. रक्त कमी असेल, घरी काही चाललं असेल, रात्रभर रील्स बघितल्या असतील. ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

आपलं काम त्याच्या आधीचं आहे. ‘किती थकलास?’ या प्रश्नाचं उत्तर कुणालाच धड देता येत नाही. त्यापेक्षा दोन साधे प्रश्न विचारावेत: “झोपल्यावर उतरतं का? आणि जास्त काम केलंस, की त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं?” मग जे उत्तर येईल ते मध्येच न तोडता ऐकावं, आणि त्याला दवाखान्यात जायचं असेल तर सोबत जावं. जाताना तारखांची वही घ्यायला सांगावं.